आधी तबकडी, मग टिकटिक

जुन्या ट्रंकेत खिशातले घड्याळ सापडले की माणूस ते आधी कानाला लावतो. मग जरा हलवतो, चावी फिरवून पाहतो आणि आवाज आला नाही की म्हणतो, "गेलं हे." तेवढ्यात त्याच्या मनात त्या घड्याळाची किंमत निम्म्यावर आलेली असते. जुन्या घड्याळांचा व्यवहार करणारा माणूस मात्र कानाला लावण्याचे काम सगळ्यात शेवटी करतो. तो आधी तबकडी पाहतो, मग केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, पाहतो, मग मागचे झाकण उघडून मशीनवर काय कोरले आहे ते वाचतो. बंद पडलेले मशीन बहुतेक वेळा पुन्हा चालवता येते, पण टवका उडालेली एनॅमलची तबकडी पूर्ववत होत नाही, हे त्याला माहीत असते. मोडतोड किती झाली यापेक्षा ती कुठे झाली आणि गेलेली वस्तू परत मिळण्यासारखी आहे का, यावर नादुरुस्त घड्याळाचे मोल ठरते.

"चालत नाही" या तक्रारीपासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याभोवती आहेत. "कुणीतरी जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं," हे वाक्य घराघरांत ऐकू येते. जास्त चावी दिल्याने चांगले घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग शेवटपर्यंत गुंडाळली गेली की चावी पुढे फिरत नाही, इतकेच. पूर्ण चावी भरलेली असूनही घड्याळ थांबलेले असेल, तर अडचण पुढे कुठेतरी असते. बहुतेकदा तेल वाळून चिकट झालेले असते. चाकांच्या टोकांना घातलेले जुने तेल काही वर्षांत घट्ट होते आणि पन्नास वर्षे पेटीत पडलेल्या घड्याळात त्याचा डिंक झालेला असतो. अशा घड्याळाला काहीही "मोडलेले" नसते. मशीन पूर्ण सुटे करून, धुऊन, पुन्हा तेल देऊन जोडले की ते चालू लागते.

पडून बंद पडलेल्या घड्याळाची गोष्ट वेगळी. मशीनमध्ये एक चाक सतत मागे-पुढे झोके घेत असते, त्याला घड्याळजी बॅलन्स म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बहुतेक घड्याळांत ते सेकंदाला पाच ठोके देते. हे चाक ज्या अक्षावर फिरते त्या स्टाफची टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाड असतात. त्या काळच्या खिशातल्या घड्याळांत धक्का शोषून घेणारी सोय नसे, त्यामुळे घड्याळ फरशीवर पडले की बहुधा पहिले तुटते ते हे टोक. मशीन उघडून घड्याळ अलगद तिरके केले आणि बॅलन्स एका बाजूला कलंडून डुगडुगला, तर स्टाफ गेला असे समजावे. तो बदलता येतो. तयार सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर नवा घडवावा लागतो. हे काम करू शकणारे घड्याळजी आता फार थोडे उरले आहेत, आणि त्यांचा तास स्वस्त नसतो, नसावाही.

खरे दुखणे गंजाचे. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेत जे पाणी असते ते घट्ट वाटणाऱ्या झाकणातूनही आत जाते. पितळेच्या चाकांना त्याने फारसे होत नाही, पण स्क्रू, दात असलेले लहान पोलादी दांडे आणि केसाहून बारीक हेअरस्प्रिंग गंजतात. एका ठिकाणी तांबूस ठिपका असेल तर अजून आशा असते. हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्यांवर गंज पसरला असेल तर दुसरी शोधावी लागते, आणि मूल्य ठरवणारा माणूस त्याच क्षणी आपल्या मनातला आकडा खाली आणतो.

काही वेळा बिघाड नसतोच. अमेरिकन रेल्वेसाठी बनलेल्या घड्याळांत काटे फिरवण्यासाठी चावीचे डोके वर ओढायचे नसते. समोरची काच काढून तबकडीच्या कडेला, बहुधा एक-दोनच्या आकड्यांपाशी, लपलेली एक पातळ पट्टी बाहेर ओढायची असते. चावी देताना चुकून वेळ बदलू नये म्हणून ही रचना केलेली. ती ठाऊक नसलेला माणूस डोके जोर लावून ओढतो आणि धडधाकट घड्याळ खरोखर मोडतो. ती पट्टी अर्धवट बाहेर राहिली असेल तर चावीही भरत नाही. "स्प्रिंग तुटली आहे" असे सांगून विकायला आलेल्या घड्याळात जाणकार प्रथम ही पट्टी तपासतो.

आता तबकडी. एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या खिशातल्या घड्याळाची पांढरी तबकडी रंगवलेली नसते. तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची पूड पसरून ती भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवतात. असे थरावर थर चढवून, वर आकडे काढून पुन्हा भाजतात. म्हणूनच शंभर-दीडशे वर्षांनंतरही तो पांढरा रंग पिवळा पडत नाही आणि आकड्यांचा काळेपणा ताजा राहतो. पण ही शेवटी काच. मागचे तांबे जरा वाकले की वरच्या थराला केसासारखी चीर जाते. कडेला, सेकंदाच्या लहान वर्तुळाजवळ आणि किल्लीने चावी द्यायच्या जुन्या घड्याळांत भोकाभोवती टवके उडतात. फक्त उजेड तिरका पडल्यावर दिसणारी बारीक चीर संग्राहक चालवून घेतात. आरपार गेलेली, मळ भरून काळी झालेली चीर किंमत बरीच उतरवते. टवका उडून खालचे तांबे दिसू लागले असेल तर आणखी घसरण होते. टवका भरून वर पांढरा लेप दिला म्हणजे तबकडी दुरुस्त झाली असे नाही. तो लेप भट्टीत न भाजलेला, थंड असतो. भिंगाखाली त्याची चमक मेणचट दिसते आणि अतिनील दिव्याखाली तो बहुधा आजूबाजूच्या एनॅमलपेक्षा वेगळा उजळतो. लपवलेला टवका हा उघड्या टवक्यापेक्षा मोठा दोष आहे असे माझे मत आहे, कारण मग विकणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवरही भरवसा राहत नाही.

म्हणून बंद पडलेले, पण निर्दोष तबकडीचे घड्याळ आणि मस्त चालणारे, पण तबकडी फुटलेले घड्याळ, अशी एकाच जातीची दोन घड्याळे समोर आली तर बहुतेक संग्राहक पहिले उचलतील.

"बहुतेक" असे म्हणावे लागते, कारण घड्याळ कोणत्या पद्धतीने बनले आहे यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम इथे १८५० च्या दशकात घड्याळाचे भाग यंत्रांवर असे बनू लागले की एका घड्याळाचा भाग दुसऱ्यात बसावा. इलिनॉयमध्ये १८६४ साली सुरू झालेल्या एल्जिन कंपनीने हाच मार्ग घेतला आणि शंभरेक वर्षांत सुमारे ६ कोटी घड्याळे काढली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमची यंत्रे पाहून स्विस कंपनी लाँजिनचे अभियंते जाक दाव्हिद इतके हादरले की त्यांनी परतल्यावर स्वित्झर्लंडच्या घड्याळ व्यवसायाला धोक्याचा इशारा देणारा अहवाल लिहिला. नादुरुस्त घड्याळ हातात घेणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की वॉल्थम, एल्जिन किंवा पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टनचे हरवलेले काटे, तुटलेला स्टाफ, फुटलेली तबकडीसुद्धा त्याच जातीच्या दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून मिळू शकते. मशीनवर कोरलेला क्रमांक छापील याद्यांत शोधला की वर्ष आणि प्रत कळते, आणि कोणते घड्याळ दाता म्हणून चालेल तेही.

इंग्रजी घड्याळाची गोष्ट याच्या अगदी उलट. त्यात स्प्रिंगच्या पिंपापासून एका शंकूवर गुंडाळली जाणारी, सायकलच्या साखळीची सूक्ष्म प्रतिकृती वाटावी अशी साखळी असते. त्या साखळ्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावात बायका आणि लहान मुली डोळे फोडून बनवत. घड्याळाचा प्रत्येक भाग त्या एका घड्याळासाठी हाताने घासून बसवलेला. तुटलेली साखळी सांधता येते. पण मशीनच्या वर बसवलेला, नक्षी कोरलेला बॅलन्सचा पूल हरवला असेल तर त्याची जोडी जगात कुठेच नाही. नव्याने घडवायचा तर त्या मजुरीत दुसरे आख्खे घड्याळ येईल. तेव्हा अशा घड्याळात "काय मोडले आहे" यापेक्षा "काय नाही आहे" हा प्रश्न मोठा. मोडलेले तुकडे डबीत जपून ठेवलेले असतील तर ते घड्याळाबरोबरच द्यावेत. कचरा म्हणून टाकलेला तुकडा कधीकधी सगळ्यात मोलाचा असतो.

सुटे भाग मिळतात म्हणून अमेरिकन घड्याळ दुरुस्त करून विकणे फायद्याचे असेल असे वाटते. तसे नाही. मशीन सोडवून, धुऊन, जोडायला घड्याळजीला लागणारा वेळ ७ ज्वेलच्या साध्या घड्याळाला आणि २१ ज्वेलच्या उत्तम घड्याळाला जवळपास तितकाच लागतो, मजुरीही तितकीच. साध्या घड्याळाच्या बाजारभावापेक्षा ही मजुरी सहज जास्त भरते. लाखोंच्या संख्येने बनलेले, ७ ज्वेलचे, निकेलच्या केसमधले घड्याळ बंद असेल तर त्याची किंमत म्हणजे सुट्या भागांची किंमत. आजोबांचे म्हणून ते चालू करायचे असेल तर अवश्य करावे. तो खर्च आपल्या समाधानाचा, तो विक्रीत परत येणार नाही. ज्वेल म्हणजे चाकांच्या टोकांखालची माणके. त्यांना रत्न म्हणून जवळजवळ काहीच किंमत नाही. १९०२ नंतर तर ती कारखान्यात तयार होऊ लागली. त्यांची संख्या फक्त मशीनचा दर्जा सांगते.

दर्जाचा मुद्दा निघाला म्हणून रेल्वेचे बोलू, कारण "रेल्वेचं घड्याळ आहे" असे सांगून आपल्याकडे बरीच खरेदी-विक्री होते. १८ एप्रिल १८९१ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या किप्टन इथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे थांबून पुन्हा चालू झाले होते, अशी ती हकीकत रेल्वेच्या इतिहासात सांगितली जाते. त्यानंतर क्लीव्हलंडचे सराफ वेब बॉल यांनी घड्याळांचे कडक नियम घालून दिले: उघडी तबकडी, ठळक आकडे, किमान १७ ज्वेल, घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवून तपासलेले आणि आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक न पडणारे. या नियमांत बसणारे मशीन नादुरुस्त असले तरी दुरुस्तीच्या लायकीचे असते. नुसते तबकडीवर किंवा पाठीवर इंजिनाचे चित्र असणे ही मात्र पारख नाही. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोप्फ यांनी १८६७ च्या सुमारास कामगारांना परवडावे म्हणून स्वस्त घड्याळ काढले. पुढे त्या पद्धतीच्या ज्या असंख्य नकला निघाल्या, त्यांतल्या पुष्कळांवर आगगाडी छापलेली किंवा ठोकलेली असते. रेल्वेशी त्यांचा संबंध फक्त त्या चित्रापुरता. आपल्याकडे खऱ्या रेल्वेच्या घड्याळावर पाठीमागे कंपनीची आद्याक्षरे, जी.आय.पी. किंवा बी.बी.सी.आय. अशी, आणि बहुधा एक क्रमांक कोरलेला असतो. तबकडीवर वेस्ट एंड किंवा फाव्र-ल्यूबा असे नाव दिसते. फाव्र-ल्यूबाचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. अशी खूण पुसट झाली असेल तर ती उजळायला जाऊ नये. पुसट का होईना, ती आहे म्हणून त्या घड्याळाला त्याचा माणूस आणि त्याचे ठिकाण आहे.

केसकडे सराफाच्या डोळ्यांनी पाहावे लागते. "१४ के" किंवा "१८ के" कोरले आहे म्हणून हुरळून जाऊ नये, आणि केसच्या आत "२० वर्षांची हमी" असे लिहिलेले दिसले तर ते रोल्डगोल्ड आहे हे लगेच समजावे. घन सोन्याला झिजण्याची हमी कशाला द्यावी लागेल? ही हमी सोन्याचा वरचा पत्रा किती वर्षे टिकेल याची आहे. कडांना, झाकणाच्या बिजागरीला खालचे पितळ उघडे पडले की अशा केसचे मोल संपत येते. "सिल्व्हरॉइड" किंवा "सिल्व्हरीन" या शब्दांत चांदीचे नाव आहे, धातूत चांदी नाही. उलट स्वित्झर्लंडच्या सोन्याच्या घड्याळांत आतले, मशीनवरचे झाकण पुष्कळदा सोन्याचे नसते, म्हणून प्रत्येक झाकणावरचा शिक्का स्वतंत्र वाचावा. इंग्रजी चांदीच्या केसवर चालत्या सिंहाचा छाप, शहराची खूण (बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचे बिबट्याचे तोंड) आणि वर्षाचे अक्षर असते. त्या अक्षरावरून केस कोणत्या वर्षी तपासली गेली ते नेमके कळते.

झाकण असलेल्या सोन्याच्या मोठ्या केसमध्ये तीन-चार तोळे वजन सहज भरते. हीच गोष्ट कित्येक घड्याळांच्या जिवावर उठली. जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेले तेव्हा कितीतरी केस वितळवल्या गेल्या आणि मागे उरली ती उघडी मशिने. नंतर ती मशिने मिळतील त्या केसमध्ये बसवली गेली. अमेरिकन घड्याळात हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मशीन केसमध्ये धरून ठेवणारे स्क्रू केसच्या आतल्या कडेवर ओरखडा सोडतात. एकाच जागी ओरखडे असतील तर जोडी बहुधा मूळची. दोन वेगवेगळ्या जागी असतील तर या केसमध्ये आधी दुसरेच मशीन होते. अशा जोडलेल्या घड्याळाला संग्राहक मूळ घड्याळाचा भाव देत नाहीत, मग ते कितीही देखणे असो.

इथवर जे सांगितले ते सगळे एका जागी उलटे होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात एक स्विस घड्याळ ५७,५०० डॉलरला गेले. पितळेवर चांदीचा मुलामा, मशीन पूर्ण गंजलेले, तबकडी पाण्याच्या डागांनी भरलेली, काटे जवळजवळ झडलेले. आकड्यांच्या जागी हिब्रू अक्षरे. ते सिनाई कांटोर या रशियन ज्यू प्रवाशाचे होते. टायटॅनिक बुडाली तेव्हा त्याची बायको मिरियम बचावली, तो गेला, आणि समुद्रातून काढलेल्या त्याच्या देहाबरोबर हे घड्याळ मिळाले. एखाद्याने ते "दुरुस्त" केले असते, नवे काटे, नवी तबकडी, चकचकीत केस, तर जे घडले त्याचा एकमेव साक्षीदार पुसला गेला असता. त्याच जहाजावरच्या धनाढ्य जॉन जेकब अॅस्टर यांचे सोन्याचे वॉल्थम मात्र त्यांच्या मुलाने दुरुस्त करून वापरले होते, तरी एप्रिल २०२४ मध्ये ते ११ लाख ७५ हजार पौंडांना विकले गेले. तिथे नावाचे वजन इतके मोठे होते की दुरुस्तीने भाव अडला नाही. पण दोन्ही घड्याळांच्या मागे एक गोष्ट समान होती. हे घड्याळ त्याच माणसाचे, हे सिद्ध करणारी अखंड साखळी कुटुंबांकडे आणि नोंदींत होती.

घरात ऐकलेली हकीकत कितीही खरी असली तरी बाजार तिला फार कमी भाव देतो. निवृत्तीच्या वेळी कार्यालयाने दिलेले पत्र, घड्याळ लावलेल्या माणसाचे छायाचित्र, खरेदीची पावती, पाठीवर कोरलेले नाव आणि तारीख यांना भाव मिळतो. आतल्या झाकणावर सुईने खरवडलेले बारीक आकडे दिसले तर तेही जपावेत. त्या जुन्या घड्याळजींनी स्वतःच्या हिशेबासाठी केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी असतात. अब्राहम लिंकन यांच्या घड्याळात १८६१ साली दुरुस्ती करताना जोनाथन डिलन नावाच्या कारागिराने तबकडीखाली यादवी युद्धाच्या पहिल्या हल्ल्याची बातमी कोरून ठेवली होती. डिलनच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली ती गोष्ट २००९ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत घड्याळ उघडल्यावर खरी ठरली.

नादुरुस्त घड्याळाचे सर्वांत मोठे नुकसान ते सापडल्यानंतर होते, आणि प्रेमापोटी होते. पितांबरीने किंवा रांगोळीने घासलेली केस चमकते, पण तिच्यावरचे कोरीव काम आणि शिक्के झिजतात. खोबरेल तेलाचा थेंब मशीनमध्ये सोडला की काही महिन्यांत त्याचा राप बनतो. चाकूने उघडलेल्या झाकणाच्या कडेला कायमची खाच पडते. समोरचे झाकण बंद करताना वरचे डोके दाबून धरावे आणि मग सोडावे. खट्‌कन आपटल्याने खिट्टी झिजते आणि एक दिवस झाकण बंद होणे थांबते. आकडे आणि काटे पूर्वी अंधारात चमकत असतील आणि आता तपकिरी झाले असतील, तर तो रंग रेडियमचा असू शकतो. त्याची चमक जाते, किरणोत्सर्ग १,६०० वर्षांत फक्त निम्मा होतो. असे घड्याळ घरी उघडू नये, खरवडू तर मुळीच नये.

भाव काढायला बसल्यावर लोक इंटरनेटवर मागितलेले आकडे पाहतात. मागणारा काहीही मागेल. त्याच जातीचे, त्याच अवस्थेतले घड्याळ प्रत्यक्ष कितीला विकले गेले हे पाहावे. लिलावसंस्थांचे जुने निकाल त्यासाठी उपयोगी पडतात. विम्यासाठीचा आकडा सर्वांत मोठा असतो, कारण तसेच घड्याळ दुकानातून पुन्हा घ्यायला काय लागेल ते त्यात धरतात. दुकानदार रोखीने देईल ती रक्कम त्याच्या बरीच खाली असते, कारण दुरुस्तीचा खर्च, जागा आणि नफा त्यातून निघायचा असतो. सोन्याची केस असेल तर मोडीचा भाव ही तळाची रेषा. तिच्याखाली कुणी मागत असेल तर घड्याळ परत खिशात घालावे.

परदेशातल्या लिलावाला पाठवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट आधी करावी. आपल्याकडे पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू पुरावशेष मानल्या जातात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घड्याळाचे वय याच्या आसपास असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांकडून ते तपासून घ्यावे आणि पुरावशेष नसल्याचा दाखला मिळाला तरच ते पाठवावे.